आवश्यक पात्रता

सरकारी कचेरीत वीस वर्षं काढली की माणसाला एक खोड लागते. वर्तमानपत्रातली नोकरीची जाहिरात तो पगारापासून वाचत नाही, 'आवश्यक पात्रता' या ओळीपासून वाचतो. ती ओळ कुणीतरी कधीतरी फायलीवर लिहिलेली असते, तिच्यावर सह्या होतात आणि मग पुढची पंधरा-वीस वर्षं ती माणसं निवडत राहते. लिहिणारा बदली होऊन जातो, निवृत्त होतो. ओळ जागची हलत नाही.

मी असाच एक कारकून. बी.ए. मराठीचा. मानसशास्त्राशी संबंध म्हणाल तर कॉलेजच्या पहिल्या वर्षाला घेतलेल्या एका पेपरापुरता. तरी गेली दोन वर्षं मी एका भलत्याच विषयात बुडालो आहे: शाळेत काम करू पाहणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला पदवीनंतर काय शिकवतात, आणि काय शिकवायला हवं. याला कारण माझी भाची.

तिने मानसशास्त्रात एम.ए. केलं. गुण चांगले पडले. इस्पितळात जायचं नव्हतं, कंपनीत माणसांच्या मुलाखती घ्यायच्या नव्हत्या. शाळाच हवी होती. योगायोगाने जाहिरातही आली: शाळांसाठी समुपदेशक, कंत्राटी पद्धतीने, पात्रता, मानसशास्त्र किंवा समाजकार्य या विषयातली पदव्युत्तर पदवी. माझी बहीण म्हणाली, "घेऊन टाक गो, पुढचं पुढे बघू." भाची जाहिरातीचं कात्रण घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मामा, हांव दोन वर्सां मन शिकलें. शाळा खंय शिकलें?"

प्रश्न साधा होता, पण मला लगेच उत्तर देता येईना. तिचा अभ्यासक्रम काढून बघितला. व्यक्तिमत्त्वाचे सिद्धान्त, संख्याशास्त्र, प्रयोग, अपसामान्य मानसशास्त्र. सगळं आवश्यक, सगळं चांगलं. चाचण्यांचं प्रात्यक्षिक होतं, पण त्यात वर्गातल्या मैत्रिणीची चाचणी मैत्रिणीनेच घ्यायची आणि जर्नल सजवून सही घ्यायची. आठ वर्षांचं, रडकुंडीला आलेलं, खिडकीबाहेर बघणारं एकही मूल त्या दोन वर्षांत तिच्यासमोर बसलेलं नव्हतं. आणि नोकरी मिळाली तर दुसऱ्या दिवशीपासून तिच्याकडे एक नव्हे, अनेक शाळा येणार होत्या.

कारकुनाला प्रश्न पडला की तो जुनी फाईल शोधतो. मीही या पेशाची जुनी फाईल शोधली.

सुरुवात सापडते १८९६ मध्ये, अमेरिकेत फिलाडेल्फियाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लाइटनर विटमर या मानसशास्त्रज्ञाकडे एक शिक्षिका आपल्या चौदा वर्षांच्या विद्यार्थ्याला घेऊन आली. तक्रार काय, तर त्याला शब्दांची स्पेलिंगं येत नाहीत. बाकी मुलगा बरा. विटमरने तपासलं तेव्हा त्याच्या डोळ्यांतही दोष निघाला. चष्मा दिला, जोडीला खास शिकवणी ठेवली, आणि वाचन सुधारलं. त्यातूनच विटमरचं मुलांसाठीचं मानसशास्त्रीय चिकित्सालय उभं राहिलं. मला या गोष्टीत एक बाब फार महत्त्वाची वाटली. मुलाला घेऊन आली ती शिक्षिका. आणि तपासणाऱ्याने 'मन' शोधायच्या आधी डोळे बघितले.

पुढे १९१३ मध्ये लंडनच्या काउंटी कौन्सिलने शाळांसाठी मानसशास्त्रज्ञाचं पद निर्माण केलं आणि सिरिल बर्ट यांना नेमलं. म्हणजे ब्रिटनमधला पहिला शालेय मानसशास्त्रज्ञ आपल्यासारखाच सरकारी नोकर, आणि तोही अर्धवेळ! हे वाचून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. (याच बर्ट यांच्या जुळ्या मुलांवरच्या संशोधनातल्या आकड्यांवर १९७१ साली ते वारल्यानंतर मोठं वादळ उठलं, पण तो वेगळा विषय.) अमेरिकेत १९१५ साली कनेक्टिकट राज्याने अर्नोल्ड गेसेल यांना याच कामावर घेतलं. 'स्कूल सायकॉलॉजिस्ट' हे पदनाम तिथे पहिल्यांदा लागलं असं मानतात.

शंभर वर्षांत दोन्ही देशांनी या पदासमोरची 'आवश्यक पात्रता' कशी बदलत नेली, ते बघण्यासारखं आहे.

अमेरिकेत आज शालेय मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर पदवीनंतर साधारण तीन वर्षं लागतात. एम.ए.च्या वर आणि पीएच.डी.च्या खाली अशी एक 'स्पेशालिस्ट' पातळी त्यांनी खास आखली आहे. त्यांची राष्ट्रीय संघटना १९६९ साली स्थापन झाली. तिच्या मानकांप्रमाणे किमान ६० श्रेयांकांचा अभ्यास हवा, आणि शेवटी किमान १,२०० तासांची इंटर्नशिप. त्यातले निदान ६०० तास शाळेतच. मी कागदावर हिशेब मांडला. शाळेचा दिवस सहा तासांचा धरला तर ६०० तास म्हणजे पुरते शंभर शाळेचे दिवस. शंभर दिवस घंटा ऐकायची, प्रार्थनेला उभं राहायचं, शिक्षकांच्या खोलीतली कुरकुर ऐकायची, आणि हे सगळं एका अनुभवी मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली. याच संघटनेची शिफारस ५०० मुलांमागे एक मानसशास्त्रज्ञ अशी आहे. तिथेही ती सगळीकडे पाळली जात नाही, बऱ्याच राज्यांत एकाच्या वाट्याला हजारावर मुलं येतात. पण आकडा लिहिलेला आहे, म्हणून कमी किती पडतं ते मोजता तरी येतं.

इंग्लंडची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथे पूर्वी आधी शिक्षकाचं प्रशिक्षण घ्यायचं, दोन वर्षं वर्गात शिकवायचं आणि मगच एक वर्षाचा मास्टर्स करून शिक्षण-मानसशास्त्रज्ञ व्हायचं, असा रस्ता होता. २००६ मध्ये तो बदलला. आता तीन वर्षांची डॉक्टरेट आहे. शिक्षक असण्याची अट गेली, पण मुलांबरोबर काम केल्याचा अनुभव लागतोच, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातला मोठा काळ स्थानिक प्रशासनाच्या सेवेत, खऱ्या शाळांमध्ये जातो. २००९ पासून हे पदनाम कायद्याने राखीव आहे. नोंदणी नसलेल्या कुणी दारावर तशी पाटी लावली तर तो गुन्हा.

दोन देश, दोन पद्धती. पण मेख एकच. शाळा आधी येवो की मधे येवो, प्रशिक्षणात ती यायलाच हवी.

का? भाचीला मी हेच विचारलं. तोपर्यंत तीही वाचू लागली होती. तिने एक उदाहरण दिलं. समजा शिक्षिका म्हणाली, हा मुलगा वर्गात लक्षच देत नाही. इस्पितळातला मानसशास्त्रज्ञ मुलाला आपल्या खोलीत बोलावील. शाळेतल्याने तसं करायचं नाही. त्याने आधी वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायचं. कुठल्या तासाला लक्ष उडतं, किती मिनिटांनी उडतं, तेव्हा फळ्यावर काय चाललेलं असतं, हे टिपायचं. आणि त्याच वेळी शेजारच्या दुसऱ्या एका मुलाचीही तशीच नोंद ठेवायची, तुलनेसाठी. कितीदा असं निघतं की शेजारच्याचंही लक्ष तितकंच उडालेलं असतं! मग आजारी कोण? मुलगा, की जेवणाच्या सुट्टीनंतरचा तो गणिताचा तास?

ही नजर पुस्तकातून येत नाही. कुणीतरी सोबत बसून शिकवावी लागते.

आता आपल्याकडची फाईल. ती अगदीच पातळ आहे असं समजू नका. मुंबईत १९३६ साली सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य संस्थेने, म्हणजे आजच्या 'टिस'ने, दुसऱ्याच वर्षी बालमार्गदर्शन केंद्र उघडलं. त्याच्याही आधी, १९३४ मध्ये, व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीचं धारवाडकडच्या मुलांसाठी रूपांतर केलं, कानडी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत. पॅरिसमध्ये १९०५ साली जन्मलेली कसोटी तीस वर्षांच्या आत आपल्या घाटापलीकडच्या मुलांशी त्यांच्या भाषेत बोलू लागली. बेळगाव-धारवाडकडे ज्यांचे सोयरे आहेत त्यांना याचं अप्रूप वाटावं. पुढे १९६९ मध्ये नागपुरात मालिन यांनी वेक्सलरच्या कसोटीचं भारतीय रूप तयार केलं, तेही मराठीत उपलब्ध झालं. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. ते स्वतः मानसशास्त्राचे अभ्यासक, आणि तिथे मराठीतून बुद्धिमापनाचं काम पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे.

दुखणं असं की कामतांची कसोटी नंतर कितीतरी दशकं तशीच वापरली गेली. कसोटीची मानकं जुनी झाली की आजच्या मुलाचा बुद्ध्यांक त्यावर फुगून दिसतो. वरवर बघता यात काय बिघडलं? पण ज्या मुलाला मदतीची गरज आहे त्याचाही आकडा फुगतो आणि ते मूल मदतीच्या यादीबाहेर राहतं. चाचणी घेणाऱ्याला निव्वळ प्रश्न विचारता येऊन भागत नाही. हातातली कसोटी कधीची, कुणावर बेतलेली, कुठल्या भाषेतली, हे त्याला विचारता आलं पाहिजे.

सरकारी अहवालांतही हा विषय जुनाच. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने शाळांतून मार्गदर्शनाची सोय हवी असं सांगितलं. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने सगळ्या माध्यमिक शाळांना किमान काय देता येईल याचा विचार करून, दहा शाळांच्या गटाला एक फिरता समुपदेशक असं सुचवलं. किमान म्हणून सुचवलेलं ते आपण बहुधा कमाल समजून बसलो. आज एका समुपदेशकाकडे चार-पाच शाळा दिसल्या की वाटतं, ही नवीन टंचाई. टंचाई नवीन नाही, तिला साठ वर्षं झाली.

प्रशिक्षणाचा सरकारी मार्गही आहे. एन.सी.ई.आर.टी. मार्गदर्शन आणि समुपदेशनाचा एक वर्षाचा डिप्लोमा चालवते. त्याची रचना मला आवडली: सहा महिने घरी बसून अभ्यास, तीन महिने प्रत्यक्ष संस्थेत राहून, आणि शेवटचे तीन महिने आपल्याच भागातल्या शाळेत इंटर्नशिप. गोवा भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेच्या कक्षेत येतो. तीन महिने पोरीला भोपाळला धाडायचं म्हटल्यावर बहिणीच्या कपाळावर आठी आली. "एम.ए. झाल्यावर परत डिप्लोमा? लोक पुढे जातात, ही मागे चालली." खरं सांगायचं तर बहिणीचं अगदीच चुकत नव्हतं. जाहिरातीला एम.ए. पुरत होतं. डिप्लोमा केल्याने एक रुपया वाढणार नव्हता, उलट वर्ष जाणार होतं. नियमाने जे मागितलंच नाही ते स्वखर्चाने कोण कमावील?

इथे मला माझा एक वर्गमित्र आठवतो.

गोव्यातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको, पण बाहेरचा कुणी वाचत असेल तर सांगतो. आमच्याकडच्या सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या. चौथीपर्यंत अ आ इ ई, पाढे, कविता, सगळं आपल्या भाषेत. पाचवीला हायस्कुलात गेलं की बहुतेकांसाठी एका उन्हाळ्यात सगळं इंग्रजी होतं. गणित इंग्रजीत, इतिहास इंग्रजीत, बाईंचं रागावणंही इंग्रजीत. आमच्या पिढीने हा घाट असाच चढला. काही चढले, काही मधेच बसले. माध्यमाच्या वादात मी इथे शिरत नाही, तो आपल्याला सगळ्यांना पाठ आहे.

माझा हा मित्र चौथीपर्यंत आमच्या बरोबरीचा. वडिलांच्या दुकानात गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी करायचा, देवळात सप्ताहाला अभंग न चुकता म्हणायचा. वाचायला मात्र जरा वेळ घ्यायचा. पाचवीत गेला आणि गप्प झाला. सहावीत 'ढ' ठरला, आठवीत नापास होऊन घरी बसला. पुढे खाणी चालू होत्या तोवर ट्रक चालवत होता. त्याला विशिष्ट अध्ययन अक्षमता होती, की नुसती भाषा बदलली म्हणून तो अडखळला? आज हे कुणालाच सांगता येणार नाही. त्या वेळी मात्र सांगता आलं असतं.

कसं, ते भाचीने मला भोपाळहून आल्यावर समजावलं. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांची जोडी बरीचशी पक्की. 'क' नेहमी 'क'च. इंग्रजीत तसं नाही, एकच अक्षर दहा ठिकाणी दहा सोंगं घेतं. त्यामुळे वाचनाची अडचण असलेलं मूल मराठीत निभावून नेतं. त्याच्या चुका कमी होतात, पण वाचण्याची गती फार कमी असते. गुरुजींना वाटतं, मूल जरा सावकाश आहे इतकंच. तेच मूल इंग्रजीत गेलं की उघडं पडतं. दुसरीकडे, ज्या मुलाला मराठी भराभर वाचता येतं पण इंग्रजी येत नाही, त्याची अडचण वेगळी. त्याला अक्षमतेचा शिक्का नको, इंग्रजीची सवय व्हायला वेळ आणि धीर हवा. दोन्ही मुलं पाचवीच्या वर्गात एकसारखीच दिसतात. दोघांच्याही वह्या कोऱ्या. वेगळं करायचं तर दोन्ही भाषांतून वाचून घ्यावं लागतं, आणि गतीही मोजावी लागते.

आता याची साधनं आहेत. अध्ययन अक्षमतेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जागा मिळाली. हरियाणातल्या मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये भारतीय भाषांसाठी 'डाली' ही डिस्लेक्सियाची चाचणी आणली. पहिल्या चार भाषांत हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी होत्या. कोकणी नव्हती. म्हणजे मराठी शाळेतल्या मुलाला निदान मोजपट्टी आहे, पलीकडच्या कोकणी शाळेतल्या मुलाला तीही नाही. आणि आपल्याकडचं मूल घरी कोकणी, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी आणि पाचवीपासून इंग्रजी, असं चार घरांत राहतं. परप्रांतातून कामाला आलेल्यांच्या मुलांची घरभाषा आणखी वेगळी. अशा ठिकाणी शाळेत बसणाऱ्या माणसाचं प्रशिक्षण इंग्रजी पुस्तकावर कसं भागणार?

या चुकीची किंमत जगाने मोजलेली आहे. कॅलिफोर्नियात १९७० साली 'डायना' नावाने ओळखला जाणारा खटला निकाली निघाला. मेक्सिकन वंशाची, घरी स्पॅनिश बोलणारी नऊ मुलं इंग्रजीतल्या बुद्धिमापन चाचणीवरून मतिमंदांच्या वर्गात टाकली होती. त्यांच्या भाषेत पुन्हा तपासलं तेव्हा बहुतेकांचे गुण इतके वर गेले की ती त्या वर्गात बसतच नव्हती. तडजोड झाली आणि मुलाला त्याच्या भाषेतून तपासायचं ठरलं. नंतर तिथल्या कायद्यातही आलं की केवळ इंग्रजी कच्चं म्हणून मुलाला अक्षम ठरवता येणार नाही. चाचणी घेणारे त्या वेळीही शिकलेलेच होते. कमी होतं ते प्रशिक्षणात.

हे मी एका मित्राला ऐकवत होतो तर त्याने मला अडवलं. म्हणाला, "तू पदव्युत्तर पदव्युत्तर करतोस, पण आपल्या गोव्यातलीच संस्था उलट दाखवतेय ना?" त्याचं म्हणणं 'संगाथ'बद्दल होतं. १९९६ पासून गोव्यात काम करणारी ही संस्था साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशनाला लावते. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांत तिने केलेला 'सेहेर' हा प्रयोग २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. काही शाळांत तोच कार्यक्रम शिक्षकांकरवी राबवला, काहींत खास नेमलेल्या, मानसतज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांकरवी. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारलं, मुलांमधली दादागिरी आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली. शिक्षकांकरवी राबवलेल्या शाळांत विशेष फरक पडला नाही.

मित्राचा मुद्दा मला मान्य आहे. पण त्या प्रयोगाने माझंच म्हणणं दुसऱ्या बाजूने सांगितलं असं मला वाटतं. तिथे यश कुणाला आलं? जो माणूस याच कामासाठी शाळेत हजर होता, ज्याला नेमकं प्रशिक्षण होतं आणि ज्याच्यावर देखरेख करणारा कुणी होता, त्याला. पदवी मोठी की छोटी, हा प्रश्न नंतरचा. शाळा, सराव आणि देखरेख या तीन गोष्टी आधीच्या. पदव्युत्तर माणूस लागतो तो दोन ठिकाणी. माझ्या वर्गमित्रासारख्या मुलाचं कोडं सोडवायला, आणि अशा साध्या समुपदेशकांच्या पाठीशी उभं राहायला. त्याच्याकडे नुसती पदवी असेल आणि शाळा त्याने पाहिलेलीच नसेल, तर तो यांतलं काहीच करू शकणार नाही.

आता ही चर्चा नुसती हौसेची राहिलेली नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरच्या शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, आणि मुलांच्या व किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचं त्याचं प्रशिक्षण दाखवता येण्याजोगं हवं. त्याहून लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावेत. आमच्या सत्तरी-काणकोणच्या वाड्यांवरच्या प्राथमिक शाळा बहुधा या दुसऱ्या गटात जातील.

कारकून म्हणून माझी नजर त्या 'प्रशिक्षण दाखवता येण्याजोगं' या शब्दांवर खिळली. दाखवायचं म्हणजे काय दाखवायचं? दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्रही दाखवता येतं. शंभर दिवस शाळेत काढल्याची, देखरेख करणाऱ्याने सही केलेली वहीसुद्धा दाखवता येते. फायलीवर दोन्ही कागद सारखेच दिसतात, दोन्हींवर शिक्का असतो. येत्या काही वर्षांत देशभर हजारो ठिकाणी कुणीतरी माझ्यासारखाच माणूस बसून ही 'आवश्यक पात्रता' टाईप करील. त्याला कुणी विचारणार नाही, पण त्याच्या त्या ओळीवर कितीतरी पाचवीतली मुलं अवलंबून असतील.

मला कुणी विचारलं तर मी तीनच गोष्टी लिहीन. पदव्युत्तर पदवी. एका अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली शाळेत काढलेलं निदान एक सत्र. आणि मुलं घरी जी भाषा बोलतात ती बोलता येणं. तिसरी अट आपल्याकडे 'इष्ट' म्हणून खाली लिहायची पद्धत आहे. ती वर हवी.

भाचीने त्या जाहिरातीला अर्ज केला नाही. तिने डिप्लोमाच केला. बहीण दोन महिने माझ्याशी तुटक बोलत होती, मग मुलीचे भोपाळहून फोन येऊ लागले तशी निवळली. शेवटचे तीन महिने भाची आमच्याच तालुक्यातल्या एका शाळेत होती. तिला बसायला खेळाच्या सामानाची खोली मिळाली. तिथे जाणाऱ्या पहिल्या मुलाला बाकीच्यांनी 'पिसो' म्हणून चिडवलं. मग तिने खोलीत बसणंच सोडलं. सुट्टीत व्हरांड्यात उभी राहायची, ग्रंथालयात पुस्तकं लावायला मदत करायची, मागच्या बाकावर बसायची. डिसेंबरपर्यंत मुलं आपणहून येऊन बोलू लागली.

त्या तीन महिन्यांत तिच्याकडे शिक्षकांनी पाचवीतली सहा मुलं पाठवली, सगळी 'अभ्यासात कच्ची' म्हणून. तिने प्रत्येकाकडून आधी मराठी वाचून घेतलं, मग इंग्रजी, हातात घड्याळ धरून. चौघांनी मराठी धडाधड वाचलं. त्यांच्यासाठी तिने इंग्रजीच्या आणि गणिताच्या बाईंबरोबर बसून पहिल्या दोन महिन्यांचे कठीण शब्द काढले, त्यांचे अर्थ मराठी-कोकणीत लिहून भिंतीला लावले. दोघं मात्र मराठीतही अक्षरा-अक्षराला थांबत होते. त्यांच्या पालकांना तिने बोलावलं आणि पुढच्या तपासणीला कुठे जायचं ते सांगितलं. एकाचे वडील आले नाहीत, आजी आली. तिने शेवटी एवढंच विचारलं, "म्हणजे तो आळशी न्हय?"

"न्हय गे आजी," भाची म्हणाली.